उपचार परळला, घर श्रीवर्धनला : बालकर्करोगाशी लढणारे कुटुंब आणि आपली चळवळ

गेल्या काही काळात कर्करोगाच्या उपचारांबाबत सरकारने बऱ्याच घोषणा केल्या. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पुढील तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे सुरू करण्याचे जाहीर केले. त्यातील २०० केंद्रे पहिल्याच वर्षी व्हायची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांचे त्रिस्तरीय धोरण मंजूर केले. त्यात १८ रुग्णालये असून ते राबवण्यासाठी ‘महाकेअर’ ही स्वतंत्र संस्था असेल. त्याच महिन्यात अनेक जीवरक्षक औषधांवरील जीएसटी शून्यावर आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले ते त्याआधीच, २०२४ मध्ये.

या सगळ्याचे स्वागत केले पाहिजे. पण कार्यकर्त्याचे काम घोषणेपाशी संपत नाही. ती घोषणा बौद्धवाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत कशी पोहोचते, हे पाहणे हेच आपले काम आहे. म्हणून एक साधा प्रश्न विचारू. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड किंवा अलिबागच्या एखाद्या वाडीत चार-पाच वर्षांच्या लेकराला रक्ताचा कर्करोग निघाला, तर त्याच्या आईबापांच्या वाट्याला काय येते? आणि ते लेकरू बरे होणार की नाही, हे नेमके कशावर ठरते?

बरा होणारा आजार

पहिली गोष्ट स्पष्ट करू. लहान मुलांचा कर्करोग म्हणजे मृत्यूचे फर्मान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच, औषधेही बहुतांशी तीच. फरक पडतो तो वेळेवर निदान होण्याचा, उपचार परवडण्याचा आणि ते शेवटपर्यंत पूर्ण होण्याचा. २०१८ मध्ये या संघटनेने जागतिक मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत असे उद्दिष्ट ठेवले.

मोठ्यांच्या कर्करोगाशी याची गल्लत करू नये. मुलांचा कर्करोग तंबाखूने होत नाही, तो संसर्गजन्य नाही आणि बहुतेक वेळा आनुवंशिकही नसतो. आईने काय खाल्ले किंवा बापाने काय केले, याच्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. मुलांमधल्या कर्करोगांपैकी साधारण एक तृतीयांश रक्ताचे असतात. त्यातला ‘एएलएल’ हा प्रकार लहान वयात सर्वाधिक दिसतो आणि चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले त्यातून बरी होतात. पण ते ‘पूर्ण उपचार’ म्हणजे दोन ते तीन वर्षांचा काळ. सारा प्रश्न त्या दोन-तीन वर्षांत दडलेला आहे.

केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी दूर

देशात कर्करोगावर संशोधन आणि उपचार करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक असलेले टाटा स्मारक केंद्राचे ‘अॅक्ट्रेक’ खारघरला आहे. खारघर म्हणजे पनवेल तालुका, आणि पनवेल म्हणजे रायगड जिल्हा. कागदावर पाहिले तर रायगडइतका भाग्यवान जिल्हा नाही. पण श्रीवर्धनहून मुंबईला जायचे तर पावणेदोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापावा लागतो. श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला आधी माणगाव गाठावे लागते. मुंबई-गोवा महामार्गाची रखडपट्टी सर्वांना ठाऊक आहे. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद होतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि तो थेट शिवडीला, परळच्या शेजारी उतरतो. पण त्यावर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. म्हणजे टाटा रुग्णालयाकडे जाणारा सर्वात जवळचा रस्ता झाला, पण तो गाडीवाल्यांसाठी.

हे अंतर केवळ गैरसोयीचे नाही, ते जिवावर बेतू शकते. केमोथेरपी सुरू असलेल्या मुलाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती आणीबाणी असते. मुलाला काही तासांत रुग्णालयात नेऊन शिरेतून प्रतिजैविके सुरू करावी लागतात. जुलैच्या रात्री, घाटात दरड कोसळलेली असताना आणि शेवटची एसटी निघून गेलेली असताना ते कसे व्हायचे? ‘सकाळपर्यंत बघू, तापाची गोळी देऊ’ हा निर्णय आईबाप निष्काळजीपणाने घेत नाहीत. त्यांच्यापुढे दुसरी वाटच नसते.

निदानाआधी हरवलेले आठवडे

मुंबईचा प्रवास सुरू होण्याआधी गावातच बराच काळ जातो. मूल फिकट पडते, वरचेवर ताप येतो, अंगावर न लागता काळेनिळे डाग उठतात, रात्री पाय दुखतो म्हणून रडते, मानेत किंवा काखेत गाठ येते, पोट एका बाजूने फुगते. कधी फोटोत किंवा दिव्याच्या उजेडात डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते. कधी मुलाला सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होते. ही लक्षणे साध्या आजारांतही दिसतात, म्हणूनच फसवतात. आधी खासगी दवाखाना, मग रक्त वाढवण्याचे औषध, मग टायफॉइडची चाचणी, मग दुसरा डॉक्टर असा फेरा सुरू होतो. अनेक घरांत मधल्या काळात भगताकडे जाऊन अंगाराही आणला जातो.

शाळा-अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथके गावोगाव जातात. पण त्या कार्यक्रमाच्या मूळ ३० आजारांच्या यादीत बालकर्करोगाला स्वतंत्र स्थान नव्हते. त्यामुळे तपासणी होते, पण धोक्याची खूण ओळखून मुलाला थेट मोठ्या केंद्राकडे पाठवण्याची पक्की वाट तयार होत नाही. हिमोग्लोबिन आणि पेशींची साधी तपासणी जवळच्या रुग्णालयात होऊ शकते. ती वेळेत सांगणारा माणूस लागतो.

योजना काय देते आणि काय देत नाही

आज फुले योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत रायगड होता. म्हणजे या योजनेचा आपल्या जिल्ह्याला राज्यात सर्वाधिक काळाचा अनुभव आहे. हजारो घरे तिने कर्जापासून वाचवली, हे नाकारता येणार नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए नुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठीची योजना उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिली. टाटा रुग्णालयातही जनरल विभागातील गरिबांना बराच उपचार मोफत किंवा अत्यल्प दरात मिळतो. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर वर्गात पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के.

पण योजना रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते आणि दाराशीच संपते. निदान होईपर्यंतच्या तपासण्यांचा खर्च घरचाच असतो. मुंबईतली खोली, दोन वेळचे जेवण, रिक्षा-टॅक्सी आणि बुडालेली मजुरी यांचे पॅकेज कुठल्याही योजनेत नाही. कागदपत्रांचा घोळ वेगळाच. लहान मुलाचे नाव रेशनकार्डावर चढवलेले नसते, आधार काढलेले नसते, आणि ऐन संकटात बाप तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत बसतो.

एक घर, दोन चुली

या आजारात कुटुंब अक्षरशः दोन भागांत तुटते. आई लेकराला घेऊन मुंबईत राहते. बाप गावाकडे मजुरीला, नाहीतर रजा संपली म्हणून कंत्राटी नोकरीवर परततो. आपल्या किनाऱ्यावरच्या बौद्ध घरांकडे जमीन थोडी असते. पोट चालते ते नारळ-सुपारीच्या वाडीतल्या रोजंदारीवर, भातशेतीवर आणि मुंबईहून येणाऱ्या पैशावर. त्यातला एक हात कमी झाला की घर कलंडते. दुसरे मूल आजीकडे ठेवले जाते. त्याचा अभ्यास मागे पडतो आणि ‘आई मला सोडून गेली’ असे त्याला वाटत राहते. त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणालाच वेळ नसतो. आधी दागिने जातात, मग गाय-म्हैस, मग बचत गटाचे कर्ज, आणि शेवटी सावकार.

सुरुवातीचे काही महिने सर्वात कठीण असतात. कमरेतून पाणी काढणे, सुया, केस गळणे, तोंड येणे, रक्त आणि प्लेटलेट्सची धावाधाव हे सारे त्या काळात घडते. मग देखभालीचा टप्पा येतो. मूल घरी येते, केस उगवतात, ते खेळू लागते. रोजच्या गोळ्या आणि ठराविक आठवड्यांनी मुंबईची फेरी एवढेच उरते. सर्वात मोठा धोका इथेच आहे. ‘पोर बरे दिसते, लावणी आटोपू आणि मग जाऊ’ असे म्हणत एक फेरी चुकते, मग दुसरी. गोळ्या संपतात. आजार उलटला तर तो दुसऱ्यांदा आटोक्यात आणणे फार अवघड असते.

मूल कशाने वाचते? टाटाचा अनुभव

उपचार मध्येच सोडण्याचा हा प्रश्न टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने गांभीर्याने घेतला. २००९ च्या सुमारास तिथे येणाऱ्या साधारण पाचपैकी एका मुलाचे उपचार कुटुंब नाकारत किंवा अर्धवट सोडत असे. मग विभागाने ‘इम्पॅक्ट’ या उपक्रमातून औषधांच्या जोडीने निवास, आहार, समुपदेशन, आर्थिक मदत आणि न आलेल्या कुटुंबाला फोन करून परत बोलावण्याची व्यवस्था उभी केली. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण एक आकडी संख्येवर आले.

या अनुभवाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. इथे नवे औषध सापडले म्हणून फरक पडला नाही. राहायला खोली मिळाली, पोटाला अन्न मिळाले आणि ‘तुम्ही का आला नाहीत?’ असे विचारणारा एक माणूस मिळाला. त्यामुळे मुले उपचारांत टिकली. २००६ मध्ये सुरू झालेली ‘सेंट ज्यूड’ बालसंगोपन केंद्रे अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात, आणि खारघरलाही त्यांचे केंद्र आहे. ‘कडल्स फाउंडेशन’ मुलांच्या आहाराचे काम करते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कितीतरी कर्करोग रुग्णांना आसरा दिला आहे. पंढरपूरची आपली धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली करणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाची ही वास्तू आहे. आपल्या किती गावशाखांकडे या ठिकाणांची माहिती आहे?

कर्म, करणी आणि किसागोतमी

या काळात आईबापांना सर्वात जास्त जखमा करतात ती माणसांची बोलणी. कुणी म्हणते करणी केली. कुणी म्हणते मागच्या जन्माचे भोग. कुणी सुनेच्या पायगुणावर येते. खेदाची गोष्ट अशी की बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे शब्द ऐकू येतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आजच्या दुःखाचे खापर गतजन्मीच्या कर्मावर फोडणारा सिद्धान्त नाकारला. तो नकार पुस्तकापुरता ठेवायचा नसतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात स्वतःला दोष देत बसलेल्या आईजवळ जाऊन ‘बाई, यात तुझी काहीच चूक नाही’ असे सांगणे हा त्या विचाराचा खरा वापर आहे.

किसागोतमीची कथाही अशा वेळी चुकीच्या रीतीने सांगितली जाते. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे बुद्धांनी तिला सांगितले. या कथेवरून ‘सर्व अनित्य आहे, सोसा’ असा उपदेश आजारी मुलाच्या आईला केला जातो. पण किसागोतमीचे मूल गेलेले होते. बुद्धांनी तिला खोटी आशा दाखवली नाही, हा त्या कथेचा गाभा आहे. ज्या मुलावर उपचार आहेत त्याच्या बाबतीत हार मानायला ती कथा शिकवत नाही. शिवाय ती बाई घरोघर गेली आणि प्रत्येक घराने तिच्यासाठी दार उघडले, हेही विसरू नये. आजारी पडून दुर्लक्षित राहिलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले, ही विनयपिटकातील घटना तर आपल्याला थेट कामालाच लावते.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी पाचपैकी चार लेकरे गमावली. लाडका राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये, आणि पुढच्याच मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. त्या काळात हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. आज आपली लेकरे उपचारासाठी त्याच परळमध्ये येतात. तेव्हा अशा कित्येक आजारांवर औषधच नव्हते. आज ते आहे. म्हणून आज औषध असूनही लेकरू गेले, तर तो आजाराइतकाच व्यवस्थेचा आणि समाजाचाही पराभव असतो.

सगळीच मुले वाचत नाहीत, हेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. डॉक्टर ‘आता वेदना कमी करणे एवढेच हातात आहे’ असे सांगतात, तेव्हा बुवा, चमत्कारी काढे आणि कर्जाचे नवे डोंगर यांपासून कुटुंबाला वाचवायला हवे. वेदनाशमन हाही उपचारच आहे आणि तो त्या मुलाचा हक्क आहे.

मुलगी असेल तर

देशातील रुग्णालयांच्या नोंदींवरील अभ्यास सांगतात की कर्करोगाच्या उपचारासाठी मुलांच्या तुलनेत मुली कमी पोहोचतात. आजार मुलींना सोडतो असे नाही, त्यांना रुग्णालयात आणलेच जात नाही. ‘मुलीवर एवढा खर्च?’ किंवा ‘बाहेर कळले तर लग्न कसे होणार?’ हे प्रश्न आपल्याही वाड्यांत विचारले जातात का, याचा शोध आपणच घ्यायला हवा.

शासनाकडे काय मागायचे

पहिली मागणी अलिबागसाठी. जिल्हा रुग्णालयाला आता वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे. तिथे होणाऱ्या डे-केअर केंद्रात मुलांसाठी वेगळी सोय आणि प्रशिक्षित बालरोगतज्ज्ञ असलाच पाहिजे. टाटाने उपचार ठरवावेत आणि देखभालीच्या काळातील रक्ततपासणी, साधी इंजेक्शने आणि तापाचे पहिले प्रतिजैविक अलिबाग किंवा माणगावला मिळावे. एवढे झाले तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. दुसरी मागणी, शाळा तपासणी पथके आणि आशाताईंना बालकर्करोगाच्या धोक्याच्या खुणांचे प्रशिक्षण आणि थेट पाठवणीची व्यवस्था. तिसरी, उपचार चालू असेपर्यंत मुलासोबत राहणाऱ्या पालकाला मासिक निर्वाह भत्ता.

आपण काय करायचे

शासन करील तेव्हा करील, पण आपल्याजवळ एक तयार यंत्रणा आहे. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक बौद्धवाडीचे ग्रामीण मंडळ आणि मुंबई मंडळ आहे. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आहेत आणि तिचे मुख्य कार्यालय परळ-भोईवाड्यातच आहे. जयंती, वर्षावास आणि विहाराच्या बांधकामासाठी आपण वर्गणी काटेकोर गोळा करतो. तीच शिस्त इथे लावता येईल.

व्हॉट्सअॅपवर आजारी मुलाचा फोटो आणि खाते क्रमांक फिरवून एकदाच पैसे गोळा होतात. चौथ्या महिन्यात कोणी विचारत नाही, आणि त्या मुलाचा फोटो मात्र कायमचा फिरत राहतो. त्याऐवजी गटाने मिळून एका कुटुंबाला दोन-तीन वर्षे दरमहा ठराविक रक्कम द्यावी. प्रत्येक कुटुंबामागे एक जबाबदार कार्यकर्ता असावा. पुढच्या फेरीची तारीख, गोळ्यांचा साठा, गाडीची सोय आणि योजनेचे कागद ही चार कामे त्याच्याकडे असावीत. पावसाळ्यात रात्री ताप आला तर कोणाची गाडी निघणार, हे आधीच ठरलेले असावे. घरात थर्मामीटर असावा.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण मोठी रक्तदान शिबिरे घेतो. पण प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईत रक्ताचा तुटवडा असतो. परळ, नायगाव, वरळी, खारघर आणि पनवेलमधील तरुणांची रक्तगटानुसार यादी करून वर्षभर पाळीने दाते पाठवले, तर एका शिबिराहून ते काम मोठे ठरेल. विहारात दर महिन्याला वाडीतल्या सर्व मुलांची नावे रेशनकार्डावर आणि आधारला आहेत का, हे तपासावे. गावात राहिलेल्या भावंडाची शिकवणी घ्यावी. उपचार संपवून आलेल्या मुलाला शाळेत कोणी दूर बसवत नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

महाडला आपल्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, कारण सार्वजनिक गोष्टीवर सर्वांचा हक्क असतो. परळ-खारघरची रुग्णालयेही सार्वजनिक आहेत आणि त्यांचे दार उघडे आहे. त्या दारापर्यंत लेकराला नेणे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत त्याचे घर उभे ठेवणे, हे काम रायगडच्या प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!